आधी प्रश्न वाचा, पत्ता नंतर

प्रति,
सार्वजनिक पैशातून संशोधनाला अनुदान देणाऱ्या संस्थांच्या तज्ज्ञ समित्यांचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी यावल तालुक्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. एक मागणे घेऊन हे पत्र लिहीत आहे. प्रस्ताव हाती आला की आधी त्यातला प्रश्न वाचा, तो सोडवण्याची पद्धत तपासा, त्यावर गुण द्या. अर्जदार कोण, कुठल्या संस्थेत आहे, तिच्या नावावर पेपर किती, हे त्यानंतर पाहा. आज हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. आणि तो उलटा असला की तालुक्याच्या गावातून आलेला प्रश्न कितीही महत्त्वाचा असो, यादीच्या तळाशी जातो.

उदाहरण माझ्याच पट्ट्यातले देते. रावेर, यावल, चोपडा म्हणजे केळी. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आमचा माल आखातापर्यंत जातो. जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ हवा आणि सततची रिपरिप सुरू झाली की मृगबागेतल्या, म्हणजे मृगाच्या सुमारास लावलेल्या, कोवळ्या टिश्यू कल्चर रोपांवर रोग दिसू लागतो. आधी पानावर शिरांच्या कडेने फिकट पिवळे पट्टे उमटतात. मग पान आखडते, कडा वेड्यावाकड्या होतात, नवे पान अरुंद निघते आणि शेवटी पोंगा सडतो. शेतकरी याला हरण्या म्हणतात, पुस्तकात तो कुकुंबर मोझॅक व्हायरस. विषाणू एकदा रोपात शिरला की त्यावर औषध नाही. रोप मुळासकट उपटायचे आणि जाळायचे किंवा पुरायचे, एवढेच हातात राहते. 2020 च्या पावसाळ्यात लोकांनी बागाच्या बागा उपटल्या. रोपांचे पैसे, लागवडीच्या वेळचे खत, मजुरी, सगळे गेले. आणि ज्याने पीककर्ज काढून लागवड केली होती त्याच्यावर ते कर्ज तसेच राहिले.

हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो आणि हजाराहून जास्त प्रकारच्या वनस्पतींत जगू शकतो: काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची आणि बांधावरची कितीतरी तणे. मार्च ते मे या काळात कोवळी रोपे शेतात फारशी नसतात, तेव्हा आमच्या बांधांवर तो नेमका कोणत्या तणात तग धरून राहतो? हे कळले तर शेतकऱ्याला 'बांध स्वच्छ ठेवा' असे मोघम सांगण्याऐवजी अमुक तण, मे संपायच्या आत, बागेपासून इतक्या अंतरापर्यंत काढा, असे नेमके सांगता येईल. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एलायझा या विषाणू ओळखण्याच्या चाचणीची किट, ती वाचायला एक रीडर, एक जेआरएफ म्हणजे प्रकल्पावरचा कनिष्ठ संशोधक, फिरण्याचा खर्च आणि सलग दोन हंगाम एवढे पुरते. मिळालेले काही नमुने खात्री करायला मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येतात.

हा प्रस्ताव मी एका सार्वजनिक निधी संस्थेकडे पाठवला होता. बरेच महिने गेल्यावर पोर्टलवर 'शिफारस नाही' असे आले आणि खाली रिव्ह्यूअरांचे दोन शेरे. पहिला: विषय स्थानिक महत्त्वाचा आहे. दुसरा: प्रमुख संशोधकाकडे पुरेशा सुविधा आणि उच्च दर्जाची प्रकाशने नाहीत. नमुने किती घेणार, कुठून घेणार, तणांची ओळख कोण पटवणार, एलायझाचा निष्कर्ष चुकला तर काय, यातल्या एकाही गोष्टीवर एक अक्षर नव्हते. माझी पद्धत चुकीची आहे असे कोणी लिहिले असते तर मी ती सुधारली असती. चूक दाखवून देणे हाच तर परीक्षणाचा अर्थ. पण मी कुठे नोकरी करते, यात सुधारणा कशी करायची?

'स्थानिक' या शेऱ्याबद्दल मला दोन शब्द सांगायचे आहेत. प्रत्येक रोग कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी शेतातच असतो. सातपुड्याच्या पायथ्याशी बझाडाचा पट्टा आहे, दगडगोट्यांचा आणि वाळूचा, पाणी झटकन जिरवणारा. तिथल्या विहिरी आणि बोअर दरवर्षी खोल जात आहेत. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेलची मुले आहेत. या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले, 2047 चे उद्दिष्ट ठेवले गेले. पण धडगावच्या पाड्यावरचे मूल हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या सहा महिन्यांनी का बंद करते, हा प्रश्न विचारायचा तर तिथलीच बोली बोलणारे आणि तिथेच राहणारे कोणीतरी हवे. तो प्रस्ताव नंदुरबारहूनच येणार. तो 'स्थानिक' म्हणून बाजूला ठेवला तर राष्ट्रीय अभियानाचे संशोधन करणार कोण?

सुविधांचा मुद्दा त्याहून अवघड आहे, कारण तो वर्तुळात फिरतो. अनुदान नाही म्हणून उपकरण नाही, उपकरण नाही म्हणून पेपर नाही, पेपर नाही म्हणून अनुदान नाही. संस्थांच्या पातळीवरही हेच चालते. शिक्षणसंस्थांच्या एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत विद्यापीठांसाठी संशोधनाच्या निकषाला 30 टक्के वजन आहे आणि त्यात प्रकल्पांतून मिळालेला निधीही मोजतात. आता काही मोठ्या योजनांची पात्रताच या क्रमवारीवर ठरते. म्हणजे ज्यांना आधी मिळाले त्यांची क्रमवारी वाढली, आणि क्रमवारी वाढली म्हणून पुन्हा त्यांनाच मिळाले. यात कोणाचा वाईट हेतू आहे असे मी म्हणत नाही. आयआयटीत किंवा आयसरमध्ये चांगले काम होते, त्यांना पैसा मिळालाच पाहिजे. पण कुठल्याही एका प्रस्तावाची गुणवत्ता ठरवताना पत्त्याचे वजन आधीच पडलेले असेल, तर त्या प्रस्तावाचे परीक्षण झाले असे म्हणता येणार नाही.

व्यक्ती पाहून गुण देणे आणि प्रश्न पाहून गुण देणे, यात किती फरक पडतो याचा पुरावा जगात उपलब्ध आहे. कॅनडाच्या आरोग्य संशोधन संस्थेने 2014 मध्ये आपली अनुदाने दोन प्रकारांत विभागली. एका प्रकारात मुख्य भर संशोधकाच्या योग्यतेवर, दुसऱ्यात मुख्य भर प्रस्तावित संशोधनावर. संशोधकांनी जवळपास 24,000 अर्ज तपासले आणि 2019 मध्ये निष्कर्ष मांडला. जिथे संशोधन पाहिले गेले तिथे स्त्री आणि पुरुष अर्जदारांच्या यशात 0.9 टक्का बिंदूंचा फरक होता. जिथे व्यक्ती पाहिली गेली तिथे तो 4 टक्का बिंदूंवर गेला. वय आणि विषय यांचा हिशेब धरूनच हे आकडे काढले आहेत. त्याआधी, 1997 साली, स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे गुण दोन संशोधक स्त्रियांनी माहितीच्या अधिकारासारख्या तिथल्या कायद्याने मिळवले. पुरुषाइतके गुण मिळायला स्त्रीला अडीच पट काम दाखवावे लागते, असे त्यांना आढळले. हे अभ्यास स्त्रियांबद्दलचे आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयाबद्दल असा अभ्यास आपण आपल्याच नोंदींवरून करू शकता. समितीसमोर 'हा माणूस कोण' हा प्रश्न आधी ठेवला की पूर्वग्रह आत शिरतात, तेव्हा तो अभ्यास करायला हवाच.

मी स्वतः स्त्री आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. आमच्याकडच्या कित्येक प्राध्यापिकांची पीएचडी लग्नानंतर, मुले शाळेत जायला लागल्यावर पूर्ण झाली आहे. वयाच्या अटी पाहिल्या की अर्ज उघडण्याआधीच त्या बाहेर पडलेल्या असतात. सवलत असली तरी ती दोन-तीन वर्षांची. पीएचडीनंतरची वर्षे मोजली तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

दुसरी गोष्ट, जी परीक्षणात बसणाऱ्या कोणालाही ठाऊक असते पण बाहेर बोलली जात नाही. गुणांची अचूकता जेवढी दाखवली जाते तेवढी ती नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पद्धतीवर 2018 मध्ये एक अभ्यास झाला. 43 परीक्षकांना 25 अर्ज वाचायला दिले. एकाच अर्जाला दोन परीक्षकांनी दिलेल्या गुणांत जेवढे साम्य होते, तेवढेच दोन वेगवेगळ्या अर्जांच्या गुणांत होते. म्हणजे वरच्या आणि खालच्या टोकाचे अर्ज एक वेळ ओळखता येतील, पण मधल्या गर्दीत 78 आणि 79 गुणांमधला फरक हा बहुतांशी नशिबाचा भाग असतो. मग ते नशीब उघड का मान्य करू नये? न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने 2013 पासून आपल्या एका योजनेत, पात्र ठरलेल्या अर्जांमध्ये चिठ्ठ्या टाकून निवड सुरू केली. स्विस राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान 2021 पासून बरोबरीच्या अर्जांसाठी तोच मार्ग वापरते. चिठ्ठी निघाली नाही तर अर्जदाराला निदान एवढे कळते की आपला प्रस्ताव चांगला होता, पैसे कमी पडले. आमच्याकडे 'शिफारस नाही' वाचून तरुण प्राध्यापक दुसऱ्यांदा अर्जच करत नाहीत. त्यांची उमेद त्या एका ओळीत संपते.

अर्ज करण्यात जाणारा वेळही मोजायला हवा. ऑस्ट्रेलियात 2012 साली एकाच वैद्यकीय निधीयोजनेसाठी 3,727 अर्ज आले आणि ते लिहिण्यात संशोधकांची मिळून साडेपाचशे वर्षे खर्च झाली असा हिशेब निघाला. आमच्या महाविद्यालयात एका प्राध्यापकावर आठवड्याचे तास, प्रॅक्टिकल, परीक्षा, महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची नॅकची फाइल आणि निवडणुकीची ड्युटी असते. त्यात साठ पानी प्रस्ताव, प्रत्येक योजनेचा वेगळा साचा, प्राचार्यांची सही, संस्थाचालकांची सही, बायोडेटाचा वेगळा फॉर्म. आधी दोन पानांची टिपणी मागवा. ती नावाशिवाय वाचा. त्यातून जे निवडले जातील त्यांच्याकडूनच पूर्ण प्रस्ताव मागा. आमचे कितीतरी महिने वाचतील, आपल्या रिव्ह्यूअरांचेही.

यूजीसीची मायनर रिसर्च प्रोजेक्टची योजना पूर्वी महाविद्यालयीन शिक्षकांना याच कामी यायची. रकमा लहान, पण तिच्यावर कितीतरी जणांनी पहिला मायक्रोस्कोप घेतला, पहिले नमुने गोळा केले, पहिला पेपर लिहिला. बाराव्या पंचवार्षिक योजनेनंतर ती मावळली आणि तेवढ्या व्याप्तीचे काही तिच्या जागी आले नाही. आज तीस आणि साठ लाखांच्या योजना आहेत, चांगल्याच आहेत. पण ज्याने आयुष्यात तीन लाखांचा प्रकल्प चालवलेला नाही त्याला थेट साठ लाखांच्या रांगेत उभे केले, तर तो मागेच राहणार. पाच-पाच लाखांची बारा अनुदाने दिली आणि त्यातली तीन फळाला आली, तरी त्यातून जिल्ह्यात तीन नवे संशोधक तयार झालेले असतील.

मंजुरीनंतरचा भाग मला सगळ्यात जवळून माहीत आहे, कारण सहकाऱ्यांच्या प्रकल्पांत मी तो पाहिला आहे. पैसा आर्थिक वर्षाप्रमाणे येतो आणि केळी मृगाप्रमाणे लागते. सँक्शन ऑर्डर निघते, पहिला हप्ता येईपर्यंत हिवाळा उजाडतो. मग 31 मार्चच्या आत खर्च दाखवा, नाहीतर परत करा. मार्चमध्ये किट घेतली तर जुलैत ती कालबाह्य व्हायला आलेली असते, आणि रोग तर जुलैत येतो. पहिल्या वर्षाची यूसी (निधी वापरल्याचे प्रमाणपत्र) आणि खर्चाचे विवरण तपासून दुसरा हप्ता सुटेपर्यंत दुसरी मृगबाग निघून जाते. मग कांदेबागेवर काम करा, असे कोणी सुचवते. पण ऑक्टोबरच्या लागवडीत हवा वेगळी, माव्याची संख्या वेगळी, प्रश्नच वेगळा. दोन हंगामांचे संशोधन कागदावर पूर्ण होते आणि शेतात एकच हंगाम, तोही अर्धा. जेआरएफचे दरमहा मानधन 2023 पासून 37,000 रुपये झाले, हे फार चांगले झाले. पण ते चार-चार महिने थकले तर शिरपूरचा किंवा साक्रीचा मुलगा घरून पैसे मागवून किती दिवस काम करणार? तो बँकेच्या परीक्षा द्यायला लागतो आणि प्रकल्पाची वही अर्धी राहते. शेती आणि पर्यावरणाच्या प्रकल्पांचे हप्ते एप्रिल-मेमध्येच सुटतील अशी तजवीज करणे अशक्य नाही. 2025 च्या जूनमध्ये वित्त मंत्रालयाने वैज्ञानिक संस्थांना जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलबाहेर खरेदीची मुभा दिली आणि कोटेशनशिवायच्या खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाखांवर नेली. नियम बदलायचे ठरवले तर बदलतात, हे त्यावरून दिसले. ही सवलत महाविद्यालयातल्या प्रकल्पालाही लागू आहे की नाही, हे सँक्शन ऑर्डरमध्येच स्पष्ट लिहा, म्हणजे आमचे अकाउंट सेक्शन अडणार नाही.

आता मोठ्या संस्थेला धरून लहान संस्था जोडण्याच्या योजनांबद्दल. हेतू चांगला आहे. पण अशा जोडणीत आमच्या वाट्याला काय येते ते बघा. नमुने आम्ही गोळा करायचे, शेतकऱ्यांची संमती आम्ही घ्यायची, ट्यूबवर लेबल आम्ही लावायचे आणि बर्फाच्या डब्यात ते मोठ्या शहरात पाठवायचे. विश्लेषण तिकडे, विद्यार्थी तिकडचे, पेपर तिकडचा; आमचे नाव आभारात. निष्कर्ष आमच्या बांधावर परत येतच नाहीत. अशी जोडणी मंजूर करताना लहान संस्थेच्या खात्यात किती पैसा जाणार, उपकरण कुठे बसणार, प्रश्न कोणी मांडला, या तीन गोष्टींना गुण ठेवा. सहकार्य खरे आहे की नावापुरते, हे तिथेच उघडे पडेल.

संशोधन खानदेशाला नवे नाही. अमळनेरला 1916 साली प्रतापशेठांच्या पैशातून तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था उभी राहिली. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या डिसेंबरात धुळ्यात वारले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांची कागदपत्रे सांभाळायला राजवाडे संशोधन मंडळ सुरू झाले. ही कामे दात्यांवर आणि वर्गणीवर चालली. आता पैसा जनतेचा आहे, आमच्या शेतकऱ्याच्या करातून आलेला आहे, म्हणून तो कसा वाटला जातो हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे. पांझरेच्या काठी शतकानुशतके फड पद्धतीने पाणी वाटले गेले. बंधारा, पाट, चारी सगळ्यांची. पाणी कोणत्या फडाला कधी, हे लाभधारकांची पंचमंडळी आधी ठरवायची आणि पाटकरी त्याप्रमाणे सोडायचा. कोणाला किती मिळाले हे प्रत्येकाला दिसत असे, म्हणून पाणी कमी पडले तरी वाटणीवरचा विश्वास टिकला. अनुदानाच्या वाटपातही तेवढा उघडेपणा असायला हवा. आज तो दिसत नाही.

अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा 2023 मध्ये झाला, अनुदाने देणारे जुने मंडळ, एसईआरबी, त्यात विलीन झाले आणि पाच वर्षांसाठी 50,000 कोटी रुपयांचा आराखडा जाहीर झाला. त्यातला मोठा वाटा उद्योग आणि देणगीदारांकडून यायचा आहे. उद्योगांचा पैसा आला तर आनंदच आहे, पण बांधावरच्या तणाला किंवा पाड्यावरच्या सिकलसेलला प्रायोजक मिळत नाही. तिथे सरकारी पैसाच लागतो. ज्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत संशोधन अजून बाल्यावस्थेत आहे तिथे ते रुजवणे, हे अशा प्रतिष्ठानाचे काम असल्याचे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येच म्हटले आहे. देशाने 2020-21 मध्ये संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च केला. एवढ्या थोड्या पैशात कोणाला द्यायचे हा निर्णय कठीण आहे, याची मला जाणीव आहे. आपल्यातले अनेक जण रात्री जागून, मोबदल्याशिवाय प्रस्ताव वाचतात, याचीही. म्हणून समित्यांमध्ये राज्य विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या अनुभवी शिक्षकांना घ्या. वाचणारे वाढतील, आपले ओझे कमी होईल, आणि मृगबाग म्हणजे काय हे माहीत असलेले कोणीतरी त्या टेबलावर असेल.

माझा प्रस्ताव मी पुन्हा लिहिला आहे आणि पुन्हा पाठवणार आहे. तो नाकारायचा असेल तर अवश्य नाकारा, पण नमुन्यांची संख्या अपुरी आहे, अमुक चाचणी इथे चालणार नाही, हा प्रश्न आधीच सुटला आहे, असे काहीतरी लिहून नाकारा. प्रस्ताव मागवण्याच्या पुढच्या फेरीच्या निकालाबरोबर एक तक्ताही प्रसिद्ध करा: कोणत्या प्रकारच्या संस्थांमधून किती अर्ज आले, किती मंजूर झाले, स्त्रिया किती, जिल्हे कोणते, पहिल्यांदा अर्ज करणारे किती, आणि मंजुरीपासून पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत सरासरी किती दिवस लागले. ही सगळी माहिती आपल्या पोर्टलवर आजही आहे. ती बाहेर काढायला नवा कायदा लागत नाही, नवा निधीही लागत नाही.

कळावे.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक प्राध्यापिका
यावल तालुका, जि. जळगाव